शिकाऊ हाताचा पहिला प्रोब गरोदर बाईच्या पोटावर नको : पुण्यातल्या सोनोग्राफी प्रशिक्षण केंद्रांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते,
स्त्रीरोग व क्ष-किरणशास्त्र विभागांचे प्रमुख,
सहा महिन्यांचे सोनोग्राफी प्रशिक्षण चालवणारी केंद्रे,
आणि पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालचे समुचित प्राधिकारी यांस.

विषय : गरोदरपणातली सोनोग्राफी शिकवताना सिम्युलेटरचा सराव सक्तीचा ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

सोनोग्राफी प्रशिक्षणाच्या नव्या तुकडीच्या वेळापत्रकात सिम्युलेटरच्या, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर सोनोग्राफीचा सराव देणाऱ्या यंत्राच्या, तासांसमोर ‘ऐच्छिक’ असा शब्द आला आहे. मागच्या वेळापत्रकात त्या जागी तासांचा आकडा होता. बदलाचे कारण तोंडी सांगितले गेले : ओपीडीत रुग्ण भरपूर आहेत, मग बाहुलीवर वेळ कशाला घालवायचा? हाच प्रश्न शहरात इतर ठिकाणीही ऐकू येतो, म्हणून एका संस्थेला बंद पाकीट न धाडता आपणा सर्वांना उघड पत्र लिहीत आहोत. आम्ही गरोदरपणातली सोनोग्राफी करणारे आणि शिकवणारे डॉक्टर आहोत. शिकाऊ हात कुठे अडतो आणि त्याची किंमत कोण मोजते, हे आमच्या रोजच्या कामातच दिसते.

रुग्ण भरपूर आहेत, हे खरे. पण हे रुग्ण म्हणजे कोण? भोर, मावळ, जुन्नरकडून पहाटेची एसटी धरून आलेल्या बाया. ओपीडीत पाणी पिऊन, लघवी रोखून, टोकन हातात धरून बसलेल्या. दर महिन्याच्या ९ तारखेला, सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, ही रांग जिन्यापर्यंत जाते. नंबर लागला की तिच्या पोटावर जेल पडते आणि ज्या हाताने आजवर प्रोब (सोनोग्राफी करताना पोटावर फिरवायचे उपकरण) धरलेला नाही तो हात शोधाशोध सुरू करतो. हा शिकणारा डॉक्टर आहे, हे तिला बहुतेक वेळा सांगितलेले नसते. पैसे मोजून खासगी दवाखान्यात सोनोग्राफी करून घेणाऱ्या बाईवर असा पहिला सराव कोणी होऊ देत नाही. ‘रुग्ण भरपूर आहेत’ या युक्तिवादाचा अर्थ एवढाच होतो की शिकवण्याचा सगळा भार गरीब बाईच्या पोटाने उचलायचा. आम्हाला तो मान्य नाही.

शिकाऊ हाताला सुरुवातीला नेमके काय जमत नाही, ते सविस्तर लिहितो. वेळापत्रक ठरवणाऱ्या सगळ्यांनी स्वतः प्रोब हातात घेतलेला असतोच असे नाही.

प्रोबच्या हालचाली पाच : सरकवणे, फिरवणे, पंख्यासारखा कलवणे, एका टोकावर डोलवणे आणि दाबणे. नवखा या पाचही एकदम करतो. चित्र हरवले की घाबरून आणखी जोरात हलवतो. त्यातच प्रोबवरची खूण कोणत्या बाजूला धरली आहे याचे भान सुटले की डावे-उजवे उलटते, आणि मग पोटातल्या बाळाचे जठर व हृदय एकाच बाजूला आहेत की नाहीत या प्रश्नाचे उत्तरच चुकते. एका वेळी एकच हालचाल, बाकीच्या चार बंद, हा धडा पक्का व्हायला शंभरदा तीच कृती करावी लागते. सिम्युलेटरवर ती शंभरदा करता येते, कारण तिथे कोणाचे पोट दुखत नाही आणि बाहेर कोणी ताटकळत नाही.

त्यापुढचा टप्पा म्हणजे सहा पायऱ्यांची मूलभूत तपासणी. बाळ कसे आहे, डोके खाली की पायाळू, ठोके आहेत का, गर्भ एक की जास्त, वार कुठे आहे आणि गर्भपिशवीच्या तोंडापासून किती दूर, पाणी किती, आणि मापे. क्रम ठरलेला असतो, कारण क्रम मोडला की काहीतरी राहून जाते. नवखा डोक्यावर अडकतो, बीपीडी (डोक्याची रुंदी) मनासारखी येईना म्हणून तिथेच वेळ घालवतो आणि वारेकडे बघायचे विसरतो. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात रक्तस्राव झाल्यावर वार खाली असल्याचे कळते. आधीच्या रिपोर्टात त्याबद्दल अक्षर नसते.

मापांचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. डोक्याचा छेद, म्हणजे पडद्यावर दिसणारा काप, आडवा आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा. त्यात थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले दोन गोळे) दिसले पाहिजेत, मधली रेषा कॅव्हमपाशी (मेंदूतल्या पाण्याच्या छोट्या पोकळीपाशी) तुटलेली दिसली पाहिजे आणि लहान मेंदू दिसता कामा नये. लहान मेंदू दिसला की समजावे प्रोब मागच्या बाजूला कलला आहे आणि माप चुकणार आहे. पोटाच्या छेदात जठराचा काळा बुडबुडा आणि नाळेच्या शिरेचा यकृतातला वळणदार भाग हवा. मूत्रपिंडे दिसली तर छेद फार खाली गेला. मांडीच्या हाडाची दोन्ही टोके स्पष्ट हवीत आणि हाड आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त तिरपे नको. प्रत्येक चित्रात तो भाग पडद्याच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापणारा हवा आणि कॅलिपर (माप घेण्याच्या पडद्यावरच्या खुणा) नेमक्या कडेवर हवेत. या निकषांची जगभर वापरली जाणारी १६ गुणांची यादी आहे : डोक्याला ६, पोटाला ६, मांडीला ४. शिकणाऱ्याचे चित्र घेऊन कोणीही शिक्षक दोन मिनिटांत गुण देऊ शकतो. ‘बरे आहे, जमेल हळूहळू’ असे मोघम बोलायची गरजच उरत नाही.

पोटाचा घेर तिरप्या छेदात मोजला की आकडा भरकटतो. वजनाच्या सूत्रात या घेराला मोठे स्थान आहे. घेर कमी भरला तर वाढ खुंटल्याचा शिक्का बसतो, मग डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी), दर आठवड्याला फेऱ्या, कधी वेळेआधी कळा आणायचे औषध. घेर जास्त भरला तर खरोखर खुंटलेले बाळ ‘ठीक आहे’ म्हणून घरी जाते. पाण्याच्या मापातही असेच. प्रोब पोटावर दाबून धरला की पाण्याचा कप्पा चपटा होतो. दोन सेंटिमीटरची मर्यादा ओलांडणारा कप्पा दाबामुळे दीड सेंटिमीटरचा दिसतो, आणि ‘पाणी कमी आहे’ हे तीन शब्द ऐकून घरातल्या सगळ्यांची झोप उडते. कप्प्यातून नाळ जात असेल तर ती वगळून मोजायचे, हेही सुरुवातीला विसरले जाते.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्ये चुकीला जागाच नाही. बाळ ४५ ते ८४ मिलिमीटर लांबीचे असताना मानेमागचा पाण्याचा पदर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा असतो. बाळाने मान मागे टाकली असेल तर माप ०.६ मिलिमीटरपर्यंत जास्त येते, हनुवटी छातीला टेकलेली असेल तर ०.४ पर्यंत कमी. गर्भजलाचा पातळ पडदा त्वचा समजून मोजला तर आकडा पूर्ण निरर्थक. या एका आकड्यावर पुढच्या रक्ततपासण्या आणि पोटात सुई घालून करायची तपासणी ठरते. अशी मापे ज्याने आधी पन्नासदा घेतलेली नाहीत त्याने ती पहिल्यांदा खऱ्या बाळावर घ्यावीत, असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

शिवाय इतक्या लहान गर्भावर ध्वनिलहरींचा मारा जितका कमी तितका बरा, हे तत्त्व आपण सगळेच शिकवतो. ठोके मोजायला एम-मोड (हालचालीचा आलेख दाखवणारी पद्धत) वापरा, या आठवड्यांत डॉप्लर लावायचाच झाला तर थर्मल इंडेक्स (पेशी किती तापू शकतील याचा आकडा) १.० च्या आत ठेवा, असे सांगतो. आणि मग त्याच गर्भावर एकामागून एक तीन शिकाऊंना प्रोब फिरवू देतो. सिम्युलेटरच्या खोट्या प्रोबमधून ध्वनी बाहेरच पडत नाही. तो आपली जागा आणि कल फक्त संगणकाला कळवतो आणि संगणक साठवलेल्या त्रिमित चित्रातून तो छेद दाखवतो.

योनिमार्गातून करायच्या सोनोग्राफीबद्दल जास्त लिहायला नको. सहा-सात आठवड्यांची, रक्तस्राव होत असलेली, घाबरलेली मुलगी टेबलावर आहे आणि प्रोब कुठवर न्यायचा, कुठे थांबायचे, हे हाताला माहीत नाही. कोपनहेगनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, जे डॉक्टर आधी सिम्युलेटरवर ठरावीक पातळी गाठून मग दवाखान्यात आले, ते दोन महिने प्रत्यक्ष काम केल्यावरही थेट दवाखान्यात शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. म्हणजे सुरुवातीची ही आघाडी चार दिवसांत विरून जात नाही. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतानाही प्रोब दाबला की तोंड खोटेच लांब दिसते. २५ मिलिमीटरच्या आतले तोंड ३० चे दिसले तर ज्या बाईला प्रोजेस्टेरॉन (वेळेआधीचे बाळंतपण टाळायचे औषध) मिळायला हवे होते ती बिनऔषधाची घरी जाते. ज्या सिम्युलेटरमध्ये हाताला उलट जोर जाणवतो, त्यावर हा दाब किती असावा ते शिकवता येते. तोंडी सांगून ते कळत नाही.

आता कायद्याचा भाग. समुचित प्राधिकाऱ्यांनी तो कृपया लक्ष देऊन वाचावा.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० साली सर्वोच्च न्यायालयात जी याचिका गेली, तिच्यात ‘सेहत’ ही संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्यासोबत आपल्या पुणे जिल्ह्यातली ‘मासूम’ ही संस्था होती. या कायद्याचा धाक इथे असलाच पाहिजे, यात आमचे दुमत नाही. पण सिम्युलेटरच्या बाबतीत या धाकाचा विपरीत परिणाम झाला आहे. खरेदीची फाइल पुढे सरकेना, कारण ‘सोनोग्राफीसारखे दिसणारे यंत्र’ घ्यायला नोंदणी लागते का, याचे उत्तर लेखी द्यायला कोणी तयार नाही. कलम ३-ब नोंदणी नसलेल्यांना विकायला मनाई करते ती सोनोग्राफी यंत्रे, स्कॅनर आणि गर्भाचे लिंग ओळखू शकणारी इतर उपकरणे यांची. ज्याच्या प्रोबमध्ये ध्वनी काढणारा स्फटिकच नाही, ते यंत्र कोणत्याही जिवंत गर्भाचे काहीच ओळखू शकत नाही. रबरी पुतळ्याचा प्रकार मात्र वेगळा. तो खऱ्या यंत्राने तपासावा लागतो, म्हणून तो नोंदणी झालेल्या खोलीत, नोंदणी झालेल्या यंत्रावरच वापरावा. हा फरक एका पानाच्या परिपत्रकात मांडता येतो.

आणि दुसरी बाजू बघा. फॉर्म एफमध्ये, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याखाली भरायच्या फॉर्ममध्ये, सोनोग्राफीच्या कारणांची २३ कलमी यादी आहे. ‘शिकाऊ डॉक्टरला सराव मिळावा’ हे कारण तीत नाही. तपासणी वैद्यकीय कारणासाठी झाली, हे ठीक. पण तीच तपासणी संपल्यावर केवळ शिकवण्यासाठी पुन्हा प्रोब लावला, तर त्या दुसऱ्या तपासणीचे कारण काय लिहिणार? फॉर्ममधली त्रुटी हलकी मानता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. फॉर्म भरायचा सराव सिम्युलेटरच्या खोलीत काल्पनिक रुग्णांवर होऊ शकतो. त्यासाठी वेगळ्या रंगाचा कागद घ्यावा, प्रत्येक पानावर ‘सराव’ असा शिक्का मारावा आणि ते कागद ओपीडीच्या नोंदवहीच्या आसपासही फिरकू देऊ नयेत. सिम्युलेटरच्या चित्रसंग्रहात बाळाचे जननेंद्रिय दाखवणारे छेद असतात. ते बंद ठेवण्याची सोय विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावी.

२०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे प्रशिक्षण ३०० तासांचे आहे, लॉगबुक आहे, शेवटी कौशल्याची परीक्षा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावे लागते, आणि तिथे अनेकदा त्यांच्या पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ नसतो. या सगळ्यात सिम्युलेटर ‘ऐच्छिक’ ठेवणे म्हणजे पोहायला शिकवताना उथळ पाणी ऐच्छिक ठेवण्यासारखे आहे.

तक्रार फक्त सिम्युलेटर नसल्याची नाही. जिथे ते आहेत तिथेही ते धड वापरले जात नाहीत, आणि हे आम्हाला जास्त लागते.

मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून यंत्र आले. खोली ठरलेली नव्हती, म्हणून ते कॉन्फरन्स हॉलच्या कोपऱ्यात कापडाखाली गेले. किल्ली भांडारपालाकडे, आणि तो पाचला घरी जातो. रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर) मोकळा होतो सातनंतर. हिशेब साधा आहे. बारा जणांची तुकडी, प्रत्येकाला स्वतःच्या हाताने २० तास, म्हणजे २४० तास. खोली रोज चार तास आणि आठवड्याचे पाच दिवस उघडी राहिली तर बारा आठवडे लागतात, म्हणजे अर्धे प्रशिक्षण संपते. तीच खोली सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ, आठवड्याचे सहा दिवस उघडी ठेवली तर पाच आठवड्यांत सगळ्यांचे तास पूर्ण होतात. यंत्र तेच. फरक किल्लीचा.

जागाही विचार करून निवडावी लागते. ज्या सिम्युलेटरमध्ये प्रोबची जागा चुंबकीय क्षेत्राने ओळखली जाते, तो लोखंडी टेबलावर किंवा स्टीलच्या कॉटवर ठेवला की चित्र थरथरते आणि छेद सरकतो. मग ‘यंत्र बिघडले’ म्हणून तक्रार जाते आणि यंत्र महिनोन्‌महिने बंद. लाकडी टेबल घ्या, स्टीलचे कपाट जवळ ठेवू नका, एवढ्याने काम भागते. खोट्या प्रोबची वायर मानेपाशी मोडते, कारण प्रोब वायरला धरून टांगला जातो. भिंतीवर एक लाकडी खोबण करून घ्यावी. वार्षिक देखभालीचा करार आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नूतनीकरण पहिल्याच निविदेत घातले नाही तर दुसऱ्या वर्षी पडदा उघडतच नाही. यूपीएसही त्याच यादीत हवा. काही स्वस्त संचांत प्रोबचा फक्त कल मोजला जातो, सरकवणे मोजलेच जात नाही. असा संच छेदांची ओळख करून द्यायला चालतो. त्यावर पूर्ण तपासणी शिकवली तर हाताला चुकीची सवय लागते. हे खरेदी समितीला कोणीतरी आधी सांगायला हवे, आणि म्हणून समितीत प्रोब धरणारा एक तरी माणूस हवा.

पैसे नाहीत, हे उत्तरही आम्ही ऐकले आहे. महागडे यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. एक लिटर पाण्याला ८० ते १०० ग्रॅम बिनसाखरेचे जिलेटिन घ्या. आधी थोड्या गार पाण्यात फुगवा, मग उकळी न आणता गरम पाण्यात विरघळवा. त्यात चार मोठे चमचे इसबगोल घाला. त्यानेच पडद्यावर पेशींसारखा करडा पोत येतो. वर आलेला फेस चमच्याने काढून टाका, नाहीतर हवेच्या बुडबुड्यांच्या सावल्या पडतात. डब्यात निम्मा थर ओतून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. त्यावर पाणी भरून, हवा काढून, गाठ मारलेले हातमोज्याचे बोट ठेवा, शेजारी आइस्क्रीमची काडी थोडी तिरपी ठेवा आणि कोमट झालेला उरलेला थर वर ओता. बोट म्हणजे पाण्याचा कप्पा, काडी म्हणजे मांडीचे हाड. काडीची दोन्ही टोके एका चित्रात आणायला नवख्याला किती वेळ लागतो ते बघा. आणि प्रोब दाबल्यावर कप्पा किती चपटा होतो तेही त्याला स्वतः मोजू द्या. काडीची खरी लांबी पट्टीने आधीच मोजलेली असल्यामुळे कॅलिपर कुठे चुकले ते तिथल्या तिथे कळते. जिलेटिन नको असेल तर चायना ग्रास चालते, फक्त ते ठिसूळ असते, दाबले की तुकडे पडतात. फ्रीजमध्ये हे ठोकळे चार-सहा दिवस टिकतात, मग बुरशी धरतात. खर्च काहीशे रुपयांचा. ओपीडी संपल्यावर नोंदणीकृत यंत्रावर, त्याच खोलीत, हा सराव करता येतो, आणि खऱ्या यंत्राच्या गेन (उजळपणा), डेप्थ (खोली), फोकसच्या बटणांवर हात बसतो तो इथेच.

सिम्युलेटरच्या मर्यादा आम्हाला ठाऊक आहेत, त्या लपवत नाही. साठवलेले बाळ बहुधा हलत नाही. खरे बाळ ऐन मापाच्या वेळी पाठ फिरवते. आधीच्या सिझेरियनचा व्रण, जाड पोट, कमी पाणी, यांनी धूसर होणारे चित्र पुतळ्यावर क्वचितच मिळते. संग्रहातल्या केसेस पाठ होतात आणि गुण वाढतात, कौशल्य वाढत नाही. यंत्र गुण देते म्हणून शिक्षक बाजूला झाला तर शिकणारा गुण मिळवायची युक्ती शिकतो. म्हणून दर सत्राला शेजारी माणूस हवा, निदान पहिल्या दहा तासांना. आणि म्हणूनच सिम्युलेटर ओपीडीच्या ऐवजी नको, ओपीडीच्या आधी हवा. एका दिवसाची कार्यशाळा घेऊन, फोटो काढून, प्रमाणपत्र देऊन भागत नाही. तासभराची सत्रे, आठवड्याला तीन, काही आठवडे सलग, अशानेच हात तयार होतो.

एक गोष्ट मात्र पुतळा शिकवू शकत नाही आणि ती शिकवायची सोय त्याच खोलीत करता येते : बोलणे. पुतळ्याशेजारी एखादी सहकारी बाईच्या भूमिकेत बसवा. तिने विचारावे, “डॉक्टर, काय आहे हो, मुलगा की मुलगी?” नवखा हसून विषय टाळतो, आणि त्या हसण्याचा अर्थ सासू आपल्या सोयीने लावते. “ते आम्ही बघत नाही आणि कायद्याने सांगत नाही, बाळाची तब्येत मात्र सगळी सांगते” हे वाक्य सरळ चेहऱ्याने म्हणायचा सराव हवा. त्याहून अवघड प्रसंग ठोके नसण्याचा. पडद्याकडे टक लावून पाच मिनिटे गप्प राहणारा डॉक्टर त्या शांततेनेच सगळे सांगून मोकळा होतो, तेही वाईट रीतीने. “ताई, मला बाळाचे ठोके दिसत नाहीत. खात्री करायला मी मोठ्या मॅडमना बोलावते, तुमच्यासोबत कोण आलंय, त्यांना आत घेऊ का?” हे शब्द आधी कधीतरी तोंडातून निघालेले असले तरच त्या क्षणी निघतात.

१८ ते २२ आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळातली व्यंगे शोधणाऱ्या सोनोग्राफीत) हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या नीट पाहिल्या गेल्या नाहीत, तर व्यंग कळते तेव्हा दिवस भरत आलेले असतात. २४ आठवडे उलटले की, गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरही, गंभीर व्यंगासाठी गर्भपाताचा निर्णय मेडिकल बोर्डापुढे जातो. बाळ ठेवायचे ठरले तरी जन्मानंतर लगेच शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणी बाळंतपण ठरवायला वेळ हवा असतो. हातून सुटलेल्या एका छेदामुळे त्या जोडप्याच्या हातातले पर्यायच निघून जातात.

म्हणून आमच्या मागण्या :

१. वेळापत्रकातला ‘ऐच्छिक’ शब्द काढावा. ३०० तासांपैकी किमान ४० तास सिम्युलेटर व ठोकळ्यांवर असावेत, त्यातले २० स्वतःच्या हाताने, आणि ते ओपीडीत प्रोब धरण्याच्या आधी पूर्ण व्हावेत.

२. ओपीडीचा दरवाजा तासांनी उघडू नये, परीक्षेने उघडावा. सहा पायऱ्यांची तपासणी क्रमाने, सलग तीन वेळा, काहीही न विसरता. आणि मापांच्या चित्रांना १६ पैकी किमान १३ गुण, ते देणारा शिक्षक त्या विद्यार्थ्याला शिकवणारा नसावा. नापास झाला तर आणखी तास, दंड किंवा अपमान नको.

३. योनिमार्गातून करायची तपासणी सिम्युलेटरवर उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही करू देऊ नये. याला अपवाद नसावा.

४. सिम्युलेटरची खोली संध्याकाळी नऊपर्यंत उघडी राहावी, किल्ली विभागात राहावी आणि वापराची नोंदवही दर महिन्याला विभागप्रमुखांनी तपासावी.

५. नव्या खरेदीत देखभाल, परवाना, यूपीएस आणि लिंगदर्शक छेद बंद करण्याची सोय या चार गोष्टी निविदेतच असाव्यात.

६. समुचित प्राधिकाऱ्यांनी सिम्युलेटर, रबरी पुतळे आणि खरी यंत्रे यांतला फरक सांगणारे लेखी स्पष्टीकरण काढावे, म्हणजे भीतीपोटी अडलेल्या फाइली सुटतील.

७. ज्या बाईवर शिकाऊ डॉक्टर तपासणी करणार आहे तिला ते मराठीत, आत येण्याआधी सांगावे. ‘नको’ म्हणण्याचा तिचा हक्क भिंतीवर लिहावा, आणि ‘नको’ म्हटल्याने तिचा नंबर मागे जाणार नाही, हेही.

यातल्या चौथ्या आणि सातव्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. त्या पुढच्या ९ तारखेच्या आत अमलात येऊ शकतात. पहिल्या दोन मागण्यांसाठी शिक्षक कमी पडत असतील, तर आम्ही दर शनिवारी दुपारी दोन ते सहा आळीपाळीने, मानधनाशिवाय, यायला तयार आहोत. जिलेटिनचे ठोकळे करून आणण्याची जबाबदारीही आमची. खोली उघडी मिळावी.

आपले,
गरोदरपणातली सोनोग्राफी शिकवणारे पुण्यातले काही डॉक्टर